मोथा आणि त्याची भावंडे

श्रोतेहो, श्रावणात कधी नागभीड-सिंदेवाहीकडे जाणे झाले, तर गाडीच्या खिडकीतून जे हिरवे दिसते ते सगळे धानच आहे अशी आपली समजूत होते. ती निम्मी खरी. बांधीत धान असते. पण बांधीच्या धुऱ्यावर, बोडीच्या काठावर, तलावाच्या पाळीखाली झिरपणाऱ्या ओलीत, सडकेलगतच्या डबक्यात जे हिरवे दाटलेले असते त्यात मोठा वाटा एका वेगळ्याच कुळाचा असतो. आपण त्याला सरसकट गवत म्हणून मोकळे होतो. जरा जाणता माणूस मोथा म्हणतो, नदीकाठचा असला तर लव्हाळा म्हणतो. वनस्पतिशास्त्रात त्याला मुस्तक कुल असे नाव आहे. जगात या कुळाच्या साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत आणि आपल्या देशात पाचशेहून अधिक. त्यातल्या कितीतरी इतक्या सारख्या दिसतात की, जुळी भावंडे बरी म्हणायची पाळी येते.

ही भावंडे एकमेकांपासून वेगळी कशी ओळखायची, आणि आजवर ती कोणी कोणी ओळखली, याची हकीकत आज सांगणार आहे. हकीकत चांद्याच्या मुलुखातली आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे १९८२ साली वेगळे झाले. तोवर ते एकच होते. तेव्हा जुन्या सवयीने मी चांदा म्हणालो तर दोन्ही समजावेत.

आधी गवत आणि मोथा यांतला फरक सांगून टाकतो, कारण तो सोपा आहे. काडी दोन बोटांत धरून फिरवा. गवताची काडी सहसा गोल असते, बोटांत सरकन फिरते, तिला पेरे असतात आणि पेऱ्यांच्या मधे ती बहुधा पोकळ असते. मोथ्याची काडी बहुतेक त्रिधारी. फिरवली की बोटाला कडा लागतात. तिला फुलोऱ्यापर्यंत पेर नाही, आत भरीव गर. गवताची पाने दोन ओळींत, मोथ्याची तीन ओळींत. एवढे कळले की अर्धी लढाई जिंकली असे पुस्तके सांगतात. मी म्हणेन, एक आणा जिंकली. उरलेले पंधरा आणे पुढे आहेत.

मी शाळामास्तर होतो. नोकरीच्या निमित्ताने या भागात आलो आणि सुट्टीत झाडपाला गोळा करायचा नाद लागला. सुरुवातीला माझी पद्धत अशी की, धुऱ्यावर उभे राहायचे, वाकून फुलोरा पाहायचा, वरचा भाग कापून कागदात दाबायचा. एकदा निंदणाला आलेल्या बायांपैकी एक म्हातारी माझा हा उद्योग बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, वरतून काहाले पायता जी? बुड पाहा न!” एवढे बोलून तिने माझ्यासमोर दोन रोपे उपटली. दोन्हींची त्रिधारी काडी, दोन्हींचा वर छत्रीसारखा फुलोरा. एकाच्या बुडाशी नुसती तांबूस-पिवळ्या तंतुमुळ्यांची दाढी. दुसरे उपटताना कट् असा आवाज झाला. बुड हातात आले आणि मातीत काहीतरी राहिले. तिने बोटाने माती उकरून ते काढून दाखवले. काळपट गाठ, वास येणारी. तिच्यापुढे दोऱ्यासारखी मुळी, तिला आणखी एक गाठ, पुढे आणखी एक. “हा मोथा. तो नाही,” असे म्हणून ती कामाला लागली.

‘तो नाही’ असे तिने जे बाजूला टाकले, त्याचे शास्त्रीय नाव सायपेरस इरिया. ही वर्षायू वनस्पती. एका झटक्यात मुळासकट येते, आणि दाणा पडायच्या आत उपटली की त्या रोपापुरता प्रश्न मिटला. खरा मोथा म्हणजे सायपेरस रोटंडस. तो उपटला की वाढतो. जमिनीखाली गाठींची माळ असते, आणि माळ शाबूत असेतो पुढच्या गाठींमुळे मागच्या गाठी निजून राहतात. तुम्ही माळ तोडली की निजलेली प्रत्येक गाठ स्वतंत्र होऊन कोंब काढते. म्हणजे निंदणाच्या मजुरीवर पैसे खर्चून आपण मोथ्याची लागवडच करत असतो म्हणाना. १९७७ मध्ये जगातल्या तणांवर एक मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला. त्यात जगातले सर्वांत वाईट तण म्हणून पहिला क्रमांक याच मोथ्याला दिला आहे. त्याला उपाय म्हणजे उन्हाळ्यात खोल नांगरून गाठी वर आणणे आणि वैशाखाच्या उन्हात वाळू देणे.

तिसरे भावंड सायपेरस डिफॉर्मिस. हे बांधीच्या साचल्या पाण्यात असते. काडी मऊ, फुलोऱ्याचे बारीक बारीक गोळे. महिना-सव्वा महिन्यात जन्म, फूल, दाणा सगळे उरकून ते हजारोंनी बी टाकते. खरा मोथा साचल्या पाण्यात सहसा रमत नाही. त्याला धुरा, परसबाग, उंचवट्याची जमीन मानवते. तेव्हा रोवणीनंतर पाण्याने भरलेल्या बांधीत ‘मोथा फार झाला’ असे कोणी म्हणाले, तर तो बहुधा मोथा नसतो. शब्दाची ही चूक कागदावर किरकोळ वाटते. पण आज दुकानात तणनाशकाच्या बाटल्या मिळतात, त्यांतली काही या वर्षायू भावंडांना मारतात आणि गाठीच्या मोथ्याचे केस वाकडे करू शकत नाहीत. ओळख चुकली की औषधाचे पैसे पाण्यात, आणि तेही बांधीच्याच पाण्यात.

तर बुड पाहून ओळखणे ही त्या म्हातारीची पद्धत. ती आपल्याकडे फार जुनी आहे. संस्कृतात मोथा म्हणजे मुस्ता किंवा मुस्तक. कोशकारांनी त्याला मेघाची सगळी नावे बहाल केली आहेत. घन म्हणा, अंबुद म्हणा, वैद्यकात अर्थ मोथाच. कालिदासाच्या शाकुंतलात राजा मृगया थांबवतो तेव्हा रानडुकरांना डबक्यातला मुस्ता खुशाल उकरू द्या असे म्हणतो. ताडोबाच्या रानात पाणवठ्याकाठी पहाटे गेलात तर डुकरांनी नांगरल्यासारखी उकरलेली ओली जमीन आजही दिसते. डुकरालाही वरच्या फुलोऱ्याशी कर्तव्य नसते.

वैद्यांनी मात्र बारकाई केली. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात मुस्तक, भद्रमुस्त आणि नागरमुस्तक असे भेद आले आहेत. पाणथळ देशातला मुस्ता चांगला आणि त्यातही नागरमुस्तक श्रेष्ठ, असा अभिप्राय दिला आहे. शिवाय कैवर्तमुस्तक म्हणून एक वेगळेच नाव वैद्यकात आहे. कैवर्त म्हणजे मासेमारी करणारा, आपल्याकडचा ढीवर. कोळ्याच्या वाटेवर, पाण्यात उगवणारा तो कैवर्तमुस्तक. म्हणजे जागा, गाठ आणि वास यांवरून प्राचीनांनी निदान तीन-चार भावंडे वेगळी काढली होती. घोटाळा पुढे झाला. वैद्यकात नागर म्हणजे सुंठसुद्धा. आणि बाजारात नागरमोथा हे नाव ज्याला त्याला चिकटले. आज काष्ठौषधीच्या दुकानात नागरमोथा मागितला तर काय मिळेल ते आणणाऱ्याच्या इमानावर अवलंबून. एक गोष्ट बहुतेक ग्रंथकार धरून चालतात : साधा मोथा तो सायपेरस रोटंडस, आणि सुगंधी तेलासाठी नावाजलेला नागरमोथा तो सायपेरस स्कॅरिओसस. हा दुसरा उंच, काडी सडपातळ, पाने आखूड, फुलोरा फिकट गवती रंगाचा. शेजारच्या छत्तीसगडात आणि मध्य प्रदेशात तो रानातून गोळा करून विकला जातो.

आणि लव्हाळा? तुकोबांच्या अभंगातले पुरात टिकणारे लव्हाळे कोणते, असा प्रश्न मला विद्यार्थी विचारीत. देशावर लव्हाळा म्हणून साधा मोथाच दाखवतात, दुसरीकडे नदीपात्रातली कोणतीही लवचीक काडी. तुकोबांना जात सांगायची नव्हती, वाकणे सांगायचे होते. तिथे आपण खुरपे घेऊन जाऊ नये.

आता पाश्चात्य शास्त्राकडे वळू. लिनियसने १७५३ साली रोटंडस आणि एस्क्युलेंटस ही दोन नावे दिली. रोटंडस म्हणजे गोल, एस्क्युलेंटस म्हणजे खाण्याजोगा. गंमत पाहा, हा नामकरणाचा महामेरू, पण या दोन भावंडांची नावे त्यानेही गाठीवरूनच चालू ठेवली. रोटंडसच्या गाठी माळेत, कडवट आणि सुगंधी, फुलोरा तांबूस-तपकिरी. एस्क्युलेंटसची गाठ मुळीच्या टोकाला एकटी, गोडसर, फुलोरा पिवळट. ती गाठ प्राचीन मिसरात खात असत, आणि स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात तिचे थंडगार पेय आजही पितात. कागदाच्या आधी ज्यावर लिहीत तो मिसरचा पपायरस, तोही याच घरातला, थोरला भाऊ. वर सांगितलेल्या सायपेरस इरियामधले ‘इरिया’ हे नाव तर मलबारी आहे. डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीडने १६७८ ते १६९३ या काळात मलबारच्या वनस्पतींचे बारा खंड छापले, त्यात स्थानिक वैद्यांकडून मिळालेले हे नाव होते. लिनियसने ते तसेच उचलले.

आपल्या भागाशी जवळचा संबंध आला तो विल्यम रॉक्सबरोचा. हा स्कॉटिश डॉक्टर १७९३ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पतिबागेचा प्रमुख झाला, पण त्याआधीची बरीच वर्षे तो गोदावरीच्या मुखाजवळ सामळकोटला होता. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते, आणि ती गोदावरी पुढे त्याच्या प्रदेशातून समुद्राला जाते. आपल्या बोड्यांतून वाहून गेलेला दाणा त्याच्या भातशेतीत रुजला नसेलच असे कोण म्हणेल! रॉक्सबरोने तेथले मोथे पाहिले, त्यांची तेलुगू नावे विचारली. सिरोंच्याकडे तेलुगू बोलणारी माणसे आजही या वनस्पतींना तुंग म्हणतात. पुढे त्याने नागरमोथ्यालाही सायपेरस पर्टेन्युइस असे नाव दिले. पर्टेन्युइस म्हणजे अतिशय सडपातळ. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १८२० पासून छापला गेला. त्याआधीच, १८१० मध्ये, रॉबर्ट ब्राऊनने ऑस्ट्रेलियातील एका मोथ्याला स्कॅरिओसस म्हटले होते. दोन्ही एकच असे पुढच्या पंडितांनी ठरवले, आणि जुने नाव उरले. म्हणून आपल्या नागरमोथ्याचे शास्त्रीय नाव ऑस्ट्रेलियाहून आलेले आहे.

या कुळाचा हिंदुस्थानातला खरा हिशेब मांडला चार्ल्स बॅरन क्लार्कने. हा बंगालमध्ये शाळांचा तपासनीस, मूळचा गणिती. मोथ्याच्या अभ्यासाला गणिती डोके लागते, हे मी अनुभवाने सांगतो. निवृत्त होऊन तो लंडनजवळ क्यूला बसला आणि हूकरच्या मोठ्या ग्रंथाच्या सहाव्या खंडात, १८९३-९४ च्या सुमारास, सारे मुस्तक कुल त्याने लिहून काढले. त्याची पद्धत म्हातारीच्या उलट. त्याच्यापुढे वाळलेले कागद होते, माती नव्हती. म्हणून तो वर पाहत असे, पण भिंगातून. फुलोऱ्याची एक बारीक कणसी घ्यायची, तिची तुसे एकेक उचलायची, आतला दाणा काढायचा. दाणा तीन धारांचा की चपटा? फुलातले किंजल्क तीन की दोन? चपटा असेल तर कणसीच्या दांड्याकडे त्याची कड आहे की पाठ? तुस टोकाला खाचलेले की टोकदार? मोहरीहूनही लहान दाण्यावर हे सगळे लिहिलेले असते. इरिया आणि रोटंडस मूळ न पाहताही मग वेगळे करता येतात. मात्र दाणा पिकलेला हवा. कोवळ्या दाण्यावर क्लार्कही हात टेकील.

आता आपल्या चांद्याचे दुखणे सांगतो. क्लार्कच्या ग्रंथात सर्वसाधारण जातींपुढे ‘हिंदुस्थानभर’ एवढेच असे. त्या एका शब्दात चांदा आहे की नाही, कळायला मार्ग नाही. थिओडोर कुकने १९०१ ते १९०८ मध्ये मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश केला, पण चांदा तेव्हा मध्यप्रांतात. ब्लॅटर आणि मॅक्कान यांनी १९३०-४० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या मोथ्यांची फेरतपासणी केली; चांदा पुन्हा बाहेर. मध्यप्रांतात हेन्स या वनाधिकाऱ्याने १९१६ मध्ये दक्षिण सर्कलची यादी छापली. तिच्या नावातच वृक्ष, झुडपे आणि उपयोगी वनस्पती असे आहे. सागाच्या मुलुखात मोथ्याला कोण विचारतो! १९५६ मध्ये चांदा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. तोवर मुंबईची पुस्तके छापून जुनी झाली होती. घर एका प्रांतात आणि पुस्तक दुसऱ्या प्रांतात, असा हा प्रकार. भारतीय वनस्पति सर्वेक्षणाची पुण्याची शाखा १९५५ मध्ये निघाली. तिच्या अभ्यासकांमुळे पुढे ताडोबाच्या उद्यानाची सूची १९९२ मध्ये आली आणि सगळ्या महाराष्ट्राच्या एकदल वनस्पतींचा ग्रंथ १९९६ मध्ये. मग डॉ. वदूद खान या मराठवाड्यातील अभ्यासकाने पश्चिम घाट, कोकणपट्टी आणि महाराष्ट्र यांतील मुस्तक कुलावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो २०१५ मध्ये नागपुरातच छापला गेला. लिनियसनंतर सव्वादोनशे-अडीचशे वर्षांनी आमच्या बोडीकाठच्या काडीला मराठी मुलुखाच्या पुस्तकात जागा मिळाली.

मधल्या काळात बोड्या मात्र थांबून राहिल्या नाहीत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी आणि इतर शेतकऱ्यांनी बांधलेले हे तलाव १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर सरकारी झाले. म्हणून त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. काही गाळाने भरले, काहींत बेशरमाची झुडपे माजली, लहान बोड्या मोडून त्यांच्या बांध्या झाल्या. बोडीच्या काठावर एकाच उतारावर पाण्याच्या खोलीप्रमाणे भावंडांची रांग लागलेली असते. वर कोरड्यात मोथा. ओलीत कायलिंगा, पांढऱ्या बोंडाची, मुळीला मंद वास. चिखलात फिंब्रिस्टायलिस. त्याच्या एका भेदाची पाने बुडाशी पंख्यासारखी चपटी बसतात, दुसऱ्याची तशी नसतात, आणि ही दोन भावंडे कितीतरी वर्षे एकाच नावाखाली पुस्तकात नांदत होती. पाण्यात शिनोप्लेक्टिएला, तिचा फुलोरा काडीच्या मधूनच फुटल्यासारखा दिसतो. खोल पाण्यात एलिओकॅरिस. याला पानच नाही, नुसत्या हिरव्या नळ्या आणि टोकाला एक कणसी. त्यातल्या एका जातीच्या नळीत आडवे पडदे असतात, बोटांत दाबत नेली की टप् टप् वाजते. बोडी सपाट केली की ही सगळी रांग एका उन्हाळ्यात जाते, वर राहतो तेवढा मोथा.

आणि आता माझी कबुली. म्हातारीने शिकवायच्या आधीच्या वर्षी मी नागभीडच्या पलीकडच्या एका बोडीवरून बावीस नमुने कापून नेले होते आणि एका मोठ्या शहरातील संग्रहालयाकडे ओळखायला पाठवले होते. तेरांची नावे लिहून आली. उरलेल्या नऊ कागदांवर शिसपेन्सिलीने एकच शेरा : मूळ नाही, दाणा कोवळा, जात सांगता येत नाही. शेरा अगदी रास्त होता. मी भाद्रपदात घाईने गोळा केले होते आणि बुड कुठेच घेतले नव्हते. पुढच्या वर्षी खुरपे घेऊन आश्विनात गेलो, तर बोडी नव्हती. मालकाने तिथे दोन बांध्या काढल्या होत्या, धान चांगले पोसले होते. त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

त्या नवांपैकी आठ कोणते असावेत याचा अंदाज मला पुढे आला. नवव्याचा आला नाही. सडपातळ उंच काडी, आखूड पाने, फिकट गवती रंगाचा फुलोरा. नागरमोथा असेल का? वर्णन जुळते. पण वर्णन आणखी दोघा-तिघांशीही जुळते, आणि ज्या गाठीच्या वासाने पाच मिनिटांत निकाल लागला असता ती गाठ त्या बांधीच्या मातीत राहिली. रॉक्सबरोचा सडपातळ मोथा आमच्या बोडीत होता की नव्हता, हे माझ्या कागदावरून कोणालाही सांगता येणार नाही.

हल्ली तरुण मंडळी मला मोबाईलवर मोथ्याचे फोटो पाठवतात. फोटो सुरेख असतात, पण सगळे वरून काढलेले. मी त्यांना उत्तर पाठवतो, एक रोप बुडासकट उकरा, दुसरे तसेच राहू द्या. गाठ आहे का पाहा, हुंगून पाहा. दाणा पिकला असेल तर नखाने सोलून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि मग फोटो काढा. अलीकडे नावांची आणखी एक उलथापालथ झाली आहे. गुणसूत्रांतल्या रेणूंच्या अभ्यासावरून कायलिंगा आणि तिच्यासारखी कितीतरी वेगळी मानलेली घराणी पुन्हा सायपेरसमध्येच घातली गेली आहेत. मुले विचारतात, मग जुने नाव चूक होते का? मी म्हणतो, नाव बदलू द्या. पांढरे बोंड आणि वासाची मुळी आहे तिथेच आहे.

याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होऊन गेले. १९८३ मध्ये पटेल-३ जातीच्या धानात त्यांना काही ओंब्या निराळ्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या राखल्या, आणि पुढे त्यांतून एचएमटी हे प्रसिद्ध धान निघाले. ते धान होते, मोथा नव्हे. पण एका रंगाच्या बांधीत चार काड्या निराळ्या दिसणे काय असते हे ज्याने मोथे ओळखायचा प्रयत्न केला आहे त्यालाच कळेल. ती निंदणारी म्हातारीही त्याच बांध्यांत वाढलेली.

नववा कागद अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर गावाचे नाव, तारीख आणि पुढे कोरी जागा. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस, दाणे पिकतात तेव्हा, मी अजूनही त्या बाजूच्या उरलेल्या बोड्यांवरून एक फेरी मारतो. पिशवीत जुनी वर्तमानपत्रे असतात, भिंग असते आणि खुरपे असते.